दुधाच्या हिशेबातले ठिपके

नंदुरबारला डोकं दुखणं
ही काही सांगायची गोष्ट नाही.
माघात गावाबाहेर पथारीवर मिरची पसरलेली असते,
अर्धं गाव शिंकतं, अर्धं डोळे पुसतं,
त्यात एका बाईचं अर्धं डोकं
कोणाच्या लक्षात यायचं?

मी काट्यावर बसते. वजन, चिठ्ठी, शिक्का.
आधी उजवीकडे नजरेच्या कडेला
एक नागमोडी झालर हलायला लागते,
४८ मधला ८ तिच्यात बुडतो.
वीस मिनिटं.
मग झालर विझते
आणि डोळ्यामागे कोणीतरी खुंटी ठोकायला घेतं.

सगळं करून झालं.
सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी.
सुंठेचा लेप, वेखंड, कपाळाला करकचून ओढणी.
रेवलीबाईने अक्राणीहून मुळी आणली,
तिच्या वासाने उलटी झाली,
तरी तिला म्हटलं, बरं वाटतंय.
जाऊबाई म्हणाल्या, चष्मा लागला असेल.
शेठ म्हणाले, चहा घ्या.
मेडिकलवाल्या पोऱ्याला आता नाव सांगावं लागत नाही,
मला बघूनच तो पाकीट काढतो.

मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
मी कूलर बंद करायला लावते.
माणसं काही न बोलता गच्चीवर निघून जातात.
गौतमी दार लोटताना कडीवर रुमाल धरते,
आवाज होऊ नये म्हणून.
नऊ वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं नाही.

ठिपकेही तिचेच.
कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याशेजारी, हिरव्या पेनाने.
आईचा एक दिवस, एक ठिपका.
मी कधी मोजले नाहीत.

फाल्गुनात काट्यावर
मला 'क्विंटल' हा शब्द सापडेना.
गाडीवाला समोर उभा,
ओठाच्या एका बाजूला मुंग्या,
जीभ जागेवर, शब्द नाही.
बोटांनी आकडा दाखवला. हसले.
त्याला वाटलं, मिरची घशात गेली.
घरी सांगितलं नाही.
ज्याची भीती वाटते ते सांगायला
आपण आधी बरं व्हायची वाट बघतो.

महिनाअखेरीला हिलाल आप्पा हिशेबाला आले,
चष्मा कपाळावर, बोट कॅलेंडरवर.
"एकोनीस दिन जास्तीनं अर्धा लिटर व्हयनं, ताई."
मी भांडायलाच उठले.
आप्पा, ते दूध नाही.
मग काय?
ते माझं डोकं आहे.

बोट तिथेच राहिलं.
एकोणीस.
तीस दिवसांच्या महिन्यात.
मी रोज कोणाकोणाची मिरची मोजते.
"मंग कोन्ले दखाडं का नही आजून?"

धुळ्याची सकाळची एस.टी., खिडकीवर ओढणी लावून.
पिशवीत रिकामी पाकिटं, आणि भिंतीवरून काढलेलं
खिळ्याच्या भोकासकट कॅलेंडर.
डॉक्टरीणबाईंनी ठिपके माझ्यासमोर मोजले,
मग पाकिटं.
म्हणाल्या, इतक्या गोळ्या खाल्ल्या
की गोळीच डोकं दुखवायला लागते.
शब्द हरवला त्याचं सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवलं.
"त्या दिवशी यायचं होतं. त्याच तासाला.
तुमची अर्धशिशीच असेल, पण ते आम्ही ठरवायचं.
तुम्ही हसून नाही."

फोटो काढला, त्यात काही निघालं नाही.
ह्याचा आनंद करायचा असतो हे कळायला
मला दोंडाईचा येईपर्यंत वेळ लागला.

आता रात्रीची एक बारकी गोळी.
पाकिटं सुटताना दहा दिवस नको नको झालं.
ठिपके सतरा, मग वीस, मग अकरा.
हिलाल आप्पा आधी ते मोजतात, मग दूध.

परवा पुन्हा झालर हलली.
मी चिठ्ठी बाजूला ठेवली,
रेवलीबाईला हाक मारली
आणि तिच्या तोंडावर म्हणून बघितलं: क्विंटल.
म्हणता आलं.
ती म्हणाली, काय झालं?
काही नाही म्हटलं नाही.
डोकं म्हटलं,
आणि घरी निघाले, शेठला न विचारता.